दगडावर बसणारा

"खुशाल, उठ."

खुशाल उठला नाही. नाल्याच्या ओल्या काठावरच्या दगडावर तो बसला होता, सगळ्यांकडं पाठ आणि जंगलाकडं तोंड करून. मांडीवर स्टीलचं ताट, हातात काडी. मधूनच तो ताट वाजवायचा. टण्, टण्. दिव्यानीचं डोकं उठायचं त्यानं.

सिंदेवाहीपासून आतल्या एका गावात कॉलेजचं सात दिवसांचं सेवा योजनेचं शिबिर होतं, मुक्काम गावच्या शाळेत. आज पाचवा दिवस. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत रेती भरून नाल्यावर बंधारा घालायचा होता आणि गटप्रमुख होती बल्लारपूरची दिव्यानी. राज्य शिबिराला कॉलेजातून एकच नाव जाणार होतं. मागच्या वर्षी तिचं येता येता राहिलं. "हुशार आहेस," सर म्हणाले होते, "पण पोरं तुझं ऐकत नाहीत." ते वाक्य वर्षभर तिला कुरतडत होतं. आज चार वाजता सर विद्यापीठाच्या पाहुण्यांना बंधारा दाखवायला आणणार होते.

तयारी तिनं चोख केली होती. 'युवा नेतृत्व शिबिर' लिहिलेलं बॅनर पहिल्याच दिवशी काठावरच्या दोन खांबांना ताणून बांधलं. तिथली गंजकी पाटी बरी झाकली गेली. गावातल्या बाया रोज श्रमदानाला येत होत्या. पोरांच्या तळहातांना फोड आले होते. आणि तिच्याच गटातला हा कुरखेड्याकडचा गडी! चार दिवसांत एका पोत्याला हात नाही. दिव्यानी त्याला टाळत आली होती. सगळ्यांसमोर तो नाही म्हणाला तर?

"मी काय म्हणून राह्यली?"

"आयकू आलं."

"मंग काऊन बसून राह्यला?"

"इथी कोणीतरी बसाच लागते."

"कशाले?"

खुशालनं झाडीकडं पाहिलं. "इथी नाई सांगत. गावात गेल्यावर सांगतो."

मागं पोतं भरणारी माधवी फिसकन हसली. दिव्यानीच्या कानशिलांत रक्त चढलं. तिनं त्याच्या मांडीवरचं ताट ओढून घेतलं.

"शाळेत जाय. भांडे घास. या कामातून तुझं नाव कटलं समज."

त्यानं हातातली काडी दगडावर ठेवली. मग उठला. "दुसऱ्या कोणाले बसव मंग."

"जातो का नाई?"

खिचडीचं पातेलं घेऊन आलेल्या ट्रॅक्टरवर बसून तो गेला. बाया जेवायला घरी गेल्या होत्या. पोरांनी काठावरच खिचडी खाल्ली आणि बॅनरच्या सावलीत आडवी झाली. अर्धा तास सगळं चिडीचूप होतं. दिव्यानीला मात्र पडवेना. तिच्या आवाजावर माणूस उठला होता! ती वाकून पोती मोजत राहिली, पाहुण्यांपुढं काय बोलायचं ते मनात घोकत राहिली.

तीनला बाया परत आल्या. पुढं बायनाबाई होती, सगळ्यांत वयस्क. तिनं घमेलं उचललं, दगडाकडं पाहिलं आणि घमेलं परत खाली ठेवलं.

"बसणारा कुठी हाय?"

"त्याले हाकललं, बाई. काम नव्हता करत."

"मंग त्याच्या जागी कोण हाय?"

"कोणीच नाई. काऊन?"

बायनाबाई वळली. तिच्यामागं बाकीच्या बायाही वळल्या, एकमेकींना चिकटून, पोरांनाही खुणेनं बोलवत.

"अवो बाई, तासाभराचं काम उरलं. सर येऊन राह्यले." दिव्यानीला रडू फुटायचं बाकी होतं. "असं नका करू."

"तुह्या सराले बसव तिथी. चार दिवस त्या पोराच्या भरोशावर आमी पाठ वाकवली."

"पण झालं काय, ते तं सांगा."

"रानात त्याचं नाव घेत नाई." बायनाबाईनं बॅनरकडं बोट केलं. "लिवलं हाय तिथी. तूच कपडा बांधला त्याच्यावर."

दिव्यानीनं बॅनरचं टोक उचललं. वनखात्याची पाटी होती. 'वाघाचा वावर. सावध राहा.'

तिनं मान वळवली. दगड पंधरा पावलांवर होता. त्याच्याजवळच्या ओल्या रेतीत खुशालच्या चपलांचे ठसे होते. आणि त्या ठशांवर, पोरं आडवी झाली होती तिकडं तोंड करून, चार ताजे पंजे उमटले होते.