भिंतीवरचे जोतीराममामा

"मॅडम, तुम्हाला चेहरे काढताच येत नाहीत ना?"

विचारलं एकदाचं! मागच्या बाकावर अर्पिता आणि सौरभने वह्यांत तोंडं खुपसली. पैज त्यांचीच होती. संघमित्राचे कान तापले, पण ती खाली बसली नाही. ड्रॉइंगच्या नफिसा मॅडम वेली काढायच्या, होड्या काढायच्या, नक्षी तर अशी की नजर हलायची नाही. माणूस मात्र एकही नाही.

आणि संघमित्राचं घोडं नेमकं चेहऱ्यावरच अडलं होतं. उलव्यातल्या नव्या बुद्धविहाराची भिंत पप्पांनी मोठ्या तोऱ्यात तिला रंगवायला मिळवून दिली होती. रविवारी उद्घाटन. पण बुद्ध काढायला जावं, तर दर वेळी चेहरा आईच्या भावाचा, जोतीराममामांचाच! आई म्हणाली होती, "डोळे मिटलेत खरे, पण मटण खाऊन आडवं झाल्यासारखे."

मॅडम मोठ्याने हसल्या. "येतात की. मी काढत नाही. जीव घालतो तो अल्लाह, मग जिवंताचा आकार मी कशाला काढू, असं माझे अब्बा म्हणायचे. माझा भाऊ लग्नांचे फोटो काढतो, त्याला हे पटत नाही. ईदच्या जेवणातसुद्धा आमचं भांडण! पण अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडतं, यावर दोघंही राजी."

त्यांनी आपलं एक चित्र उघडलं. दिवाळे गावाजवळची खाडी. रिकामी होडी. फळीवर गजऱ्यातली गळलेली फुलं. चिखलात टाचांचे खोल ठसे.

"कोण होतं इथे?"

"कोळीण मावशी," संघमित्रा म्हणाली. "डोक्यावर जड पाटी आहे. बाजार गाठायचाय, म्हणून घाईत..." ती थांबली. "मॅडम, मला ती दिसतेय!"

शाळा सुटल्यावर ती थेट विहारात गेली. घरी आली तेव्हा युनिफॉर्मभर पांढरा रंग होता.

"हे काय गं?" आई किंचाळली.

"मामांना पुसलं."

"अगं, रविवारी माणसं येणार!" पप्पांनी कपाळाला हात लावला. "बुद्ध कुठायत म्हणून विचारतील. काय सांगू?"

"पप्पा, मी पिंपळ काढणार. खाली रिकामं आसन. आणि तिथून थेट दारापर्यंत पावलं. विचारलं कोणी, तर सांगा, आत्ताच उठून आपल्या गल्लीत गेलेत."