आवडीचं एक

प्रवचन संपलं आणि बस्तीत, गावच्या जैन मंदिरात, माणसं एकेक करून उठून चातुर्मासाचा नियम घेऊ लागली. चार महिने आवडीची एक गोष्ट सोडायची. सुंदराक्कांनी चहा सोडला. भरमूनं तंबाखू सोडली, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "महाराज, गेल्या सालीबी सोडली हुती ह्यानं." माणसं हसली.

मग अरिहंत उठला. तेवीस वर्षांचा. दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी लावलेली.

"नमोस्तु महाराज. मी मोबाईलवरचा गेम सोडतो. गाड्यांच्या शर्यतीचा."

बायकांच्या बाजूला बरं वाटल्याची कुजबुज झाली. पुढं बसलेल्या त्याच्या वडिलांनी, रायगोंडानं, मान वळवून मागं पाहिलं.

"फार आवडतो?" महाराजांनी विचारलं.

"आवडायचा."

"आणि आता?"

"न्हाई."

"मग त्यात सोडण्यासारखं काय राहिलं? दुसरं सांग. आवडीचं."

अरिहंतनं वर पाहिलं, खाली पाहिलं. सगळे वाट बघत होते. भरमू हळूच म्हणाला, "अरं, आइस्क्रीम म्हण की गड्या." तरी तो उभाच.

"महाराज," तो शेवटी म्हणाला, "सापडंना झालंय."

या वेळी कुणी हसलं नाही.

"बस, बाळ," महाराज म्हणाले.

घरी जाताना रायगोंडानं विचारलं, "आवडत न्हाई, तर दिवसभर खेळतोस कशाला?"

"थांबलो की नंबर खाली जातोय."

"पुढं कोण हाय एवढं?"

"लय जण हायत. त्यांचं एवढं न्हाई." अरिहंत रस्त्याकडं बघत चालला होता. "माझ्या पुढं मीच हाय. गेल्या सालचा. तेच वळण सकाळपास्नं घेतोय, पर तवाच्या एवढ्या कमी वेळात जमतच न्हाई."

गेल्या साली अरिहंतची आई, गुणमाला, होती.

त्यांच्या घरात दिवस मावळल्यावर कुणी जेवत नाही. उजेड असतानाच रायगोंडानं भाकरी केल्या, दोन ताटं वाढली. बायको गेल्यापासून ताटावर बसलं की तो एकच प्रश्न विचारायचा, "आज कितवा?" पोरगं आकडा सांगायचं. चांगला असला तर रायगोंडा "वा" म्हणायचा, नसला तर "उद्या येईल". बापलेकांचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

आज अरिहंत भाकरीला हात लावून थांबला.

"आप्पा, विचारलं न्हाईसा?"

"सोडलं. मीबी नियम घेतलाय."

"कवा? तुमी तर उठलाच न्हाईसा."

"तू खाली बसलास तवा. मनातल्या मनात." रायगोंडानं ताटातली भाजी उगाच इकडची तिकडं केली. "आवडीचं म्हणलं, तर माझ्याकडंबी तेवढंच हुतं."

दुसरं काय विचारायचं, ते रायगोंडाला सुचेना. खिडकीतला उजेड पिवळा झाला होता.

"तुझी आई कशी खेळायची रं?" त्यानं विचारलं.

अरिहंतनं मान वर केली.

"आई? लय वाईट. तिला वळणच घेता यायचं न्हाई. दर बारी गाडी तळ्यात. आणि मग मलाच सांगायची, 'बघ, धुऊन काढली का न्हाई?'"

रायगोंडा हसला. अरिहंतही हसायला लागला होता.

"कायम शेवटची यायची," तो म्हणाला. "सगळ्यांत शेवटची. तरी फोन सोडायची न्हाई. म्हणायची, अरू, अजून एकदा लाव."

पट्टी लावलेला अंगठा त्यानं डोळ्यावर दाबून धरला.

जेव, असं रायगोंडा म्हणाला नाही. त्यानंही घास उचलला नाही. बाहेर दिवस मावळला, आणि दोघांच्या ताटांत भाकरी तशीच राहिली.