हवेवरची गाडी

“मजुरांची खेप असली की फुग्यांतली हवा सोडून द्यायची,” बाजीराव कंत्राटदार म्हणाले, आणि हनुमंताच्या हातातला पाना हातातच राहिला.

आठ दिवस तो ट्रकखाली पाठीवर पडून होता. ट्रक लष्कराच्या लिलावातला, लढाईच्या काळातला. खड्डा दिसला की नुसता उडायचा. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात लोणावळ्यातल्या एका नव्या हॉटेलच्या काचा पोचवायचं काम बाजीरावांना मिळालं. पहिल्याच खेपेला निम्म्या काचा तडकल्या. मग त्यांनी मुंबईहून भंगारातल्या परदेशी बसचे धक्के झेलणारे दोन जाड रबरी फुगे आणले. हनुमंत ड्रायव्हर, आणि मिस्त्रीही तोच. त्याने मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमधली चार-चार पोलादी पानं काढली, फुगे बसवले, पंपाने हवा भरली. कार्ल्यापर्यंत एक चक्कर मारली. खड्डा कधी आला आणि कधी गेला, कळलंसुद्धा नाही.

तो हरखला होता, पण काचांसाठी नाही. हाच ट्रक रोज सकाळी आंदर मावळातल्या ठाकरवाडीतून बावीस माणसं बाजीरावांच्या दगडखाणीवर आणायचा. गेल्या वर्षी ओढ्याच्या उतारावर गाडी अशी आदळली, की सहा महिन्यांच्या गरोदर गंगीला खाणीवर उतरवेपर्यंत पोटातलं मूल गेलं होतं. तिच्या नवऱ्याने, शिदूने, तिला पाठुंगळी घेऊन वाडीवर नेलं. गाडी हनुमंत चालवत होता. त्याला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच त्याला खात होतं.

“मालक, पाट्यांची पानं काढल्यात,” तो म्हणाला. “हवा सोडली तर गाडी पयल्यापरीस जास्त आदळंल.”

“आदळू दे. हे रबर फाटलं तर पुन्हा मिळायचं नाही. आणि मागं काय काच भरलेली असते?”

बाजीरावांनी स्वतः वाकून दोन्ही व्हॉल्व्ह उघडले. ट्रकचं मागचं अंग सुस्कारा टाकून खाली बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं वाडीबाहेर नेहमीसारखी उभी होती. गंगी पुन्हा पोटुशी होती, सातवा लागला होता. शिदू तिला हात देऊन वर चढवायला लागला.

“थांबा,” हनुमंत म्हणाला. त्याला राहवेना. फुगे कशाचे, कुणासाठी, हवा का सोडली, सगळं त्याने सांगून टाकलं.

गंगीने वाकून ते चपटं रबर पाहिलं. मग म्हणाली, “म्हंजी भाऊ, हवाबी मालकाचीच व्हय?”

हनुमंताने सीटखालचा पंप ओढून काढला. दहा दट्टे मारले असतील, तोच शिदूने पंप त्याच्या हातातून घेतला. मग बाकीचे पाळीपाळीने पुढे आले, बायकासुद्धा. तासभर गेला. ऊन डोंगरावरून खाली उतरलं. त्या दिवशी वाटेत फळ्या घट्ट धरून कुणी बसलं नव्हतं. एक म्हातारी तर चक्क झोपली.

खाणीच्या फाट्यावर बाजीराव घड्याळ बघत उभे होते. दहा वाजता खाण तपासायला सरकारी साहेब यायचे होते, त्याआधी माणसं कामावर दिसायला हवी होती. ट्रकचं उचललेलं मागचं अंग त्यांनी पाहिलं आणि वाकून दोन्ही व्हॉल्व्ह उघडले. गाडी बसली.

“चल आता.”

पुढे खाणीपर्यंत तीन मैल नुसते धोंडे होते. हनुमंताने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला.

“हवेबिगर मानसं घिऊन ही गाडी मी न्हेणार न्हाई.”

“मग उतरा रे सगळे! चालत निघा!”

कुणी हललं नाही. मालकापुढे कधी मान वर न केलेला शिदू म्हणाला, “गाडीनं न्यायचं बोलणं झालंय. आमी बसल्याव.”

“एकेकाला कामावरून काढतो! छप्पन्न माणसं मिळतील मला!”

“आणा की,” हनुमंत म्हणाला. “पर दहाच्या आत आणा.”

पुण्याची बस गेली. खिडक्यांतली डोकी वळून वळून बघत होती. बाजीरावांनी पंप हनुमंतापुढे धरला. हनुमंताने हात पाठीमागे बांधले. शिदूपुढे धरला. शिदू डोंगराकडे बघत बसला. बाजीरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. टोपी काढून बॉनेटवर ठेवली. मग पांढरंशुभ्र धोतर वर खोचलं, धुळीत पाय रोवले आणि दट्टा दाबायला सुरुवात केली.

दट्टा बराच वेळ वर-खाली होत राहिला. शेवटी त्यांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. सदरा अंगाला चिकटला होता.

“झालं,” ते धापा टाकत म्हणाले.

गंगी फळीवरून ओणवून खाली बघत होती.

“न्हाई झालं, मालक,” ती म्हणाली. “डावं अंग अजून बसलंय.”