भेटीचा तास

मुलगी आली, चपला काढल्या, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पाचव्या मिनिटाला गाढ झोपली.

कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षक बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मुलगी सध्या दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला दिलेली. आईला आठवड्यातून एक तास भेट, तीही बाईंच्या समोर. दर दहा मिनिटांना एक रकाना भरायचा: आई बोलली का, खेळली का, पोर हसली का. मागच्या अहवालात ‘आई मुलीशी खेळत नाही’ असं बाईंनीच लिहिलं होतं. खरं तेच लिहिलं होतं. पण त्या एका ओळीपायी मुलीचं घरी जाणं दोन महिने लांबलं. परवा पुन्हा बालकल्याण समितीची बैठक व्हायची होती, आणि समितीला माणसं दिसत नाहीत, रकाने दिसतात.

बिचारी आई या खेपेला तयारीनिशी आली होती. चित्रांचं पुस्तक, रंगीत खडू, एक चेंडूसुद्धा. सगळं सतरंजीवर ओळीने मांडून परीक्षेला बसावं तशी बसली होती, आणि झोपली कोण, तर लेक!

अठरा वर्षं या खुर्चीत काढून आपलं मन निबर झालंय, असं बाईंना वाटायचं. तरी दोन रकाने कोरे गेले तेव्हा त्यांना राहवेना. भेटीच्या मध्ये बोलायचं नाही असा नियम. तो मोडून त्या हळूच म्हणाल्या, “उठवा तिला. थोडं खेळा. मला काहीतरी लिहिता येईल हो.”

आईने मान डोलावली. मुलीच्या खांद्यापर्यंत हात नेला, आणि तिथून तो केसांवर गेला.

“चार रात्री झोपली नाहीये म्हणे,” एवढंच ती बोलली.

ते खरं होतं. सांभाळणारी बाई चांगली होती, तिला उगाच नावं कशाला ठेवा. तिनेच दारात सांगितलं होतं, की पोर जेवते, शाळेत जाते, पण रात्री दाराकडे तोंड करून टक्क जागी बसते. गोष्टी सांगून झाल्या, जवळ घेऊन झालं, काही उपयोग नाही. आता ती स्वतःच बाहेरच्या बाकावर पेंगत होती.

बाईंनी एका रकान्यात ‘झोपली’ लिहिलं. पुढच्यातही ‘झोपली’. समितीचे साहेब विचारणार, मग आईने काय केलं? काय सांगायचं, कप्पाळ? पाचव्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘आई इतका वेळ जागची हलली नाही.’ वाचलं आणि खोडून टाकलं. कागदावर तेही तिच्याच अंगाशी यायचं. बाईंना या नोकरीचा अगदी वीट आला होता.

दारावर टकटक झाली. तास संपला होता, पुढचं कुटुंब खोळंबलं होतं. आता उठवायलाच हवं, असं बाईंनी सांगितलं.

आईने केसांतला हात काढून घेतला.

“तुम्ही उठवा, बाई,” ती म्हणाली. “मी उठवलं तर तिला वाटेल, ती घरीच आहे.”