एक हुंकार उरला

"हुंकार येतोय तोवर गोष्ट सोडायची नाही हं, बाळ," अंथरुणाला खिळलेली आई म्हणायची. मी तिला रोज गोष्ट सांगायचे, आणि तसा शब्दही दिला होता.

ती गेल्यावर मी रोज जेवणाआधी फोनवरून लोकांना लाइव्ह गोष्ट सांगू लागले. तोच माझा नेम झाला. ऐकणारे 'हं' लिहायचे आणि पुढे काय व्हावं, तेही मतं देऊन ठरवायचे.

"ताई, तुझी माणसं बोटांनी हुंकार देतात," धाकटा भाऊ हसायचा. त्या दुपारी तो मला कायमचं त्याच्या घरी न्यायला आला होता. एकटेपणाला कंटाळले होते, मलाही जायचं होतं.

म्हणून मी ऐकणाऱ्यांनाच विचारलं, "गोष्ट इथेच संपवू का?" जवळजवळ सगळ्यांनी 'संपवा' लिहिलं. एकच मत वेगळं होतं, बिननावाचं: 'पुढे सांग.'

मी हात जोडले, गोष्ट संपवली आणि फोन बंद केला. भाऊ बॅगा घेऊन दारापर्यंत गेला.

"हं."

आवाज आईच्या खोलीतून आला. ती रिकामी करून सकाळी मीच बाहेरून कडी घातली होती.

"फोन चालू राहिला बघ तुझा," भाऊ म्हणाला. मी त्याला फोनचा काळा पडदा दाखवला.

"हं," पुन्हा आलं. जरा घाईने, मी मध्येच थांबले की आई द्यायची तसं.

भावाने बॅगा हळूच खाली ठेवल्या. "ताई, नको."

मी चपला काढल्या, त्या बंद दाराशी खुर्ची ओढली आणि गोष्ट जिथे सोडली होती, तिथून पुढे सांगायला बसले.