पुढं झुकलेली खुर्ची

खुर्ची जमली, तर दिनकरराव पाटलांची गिरदावराच्या दर फेरीला एक कोंबडी वाचणार होती आणि सटवाजी सुताराला एक पोतं ज्वारी मिळणार होती. तोट्यात फक्त गिरदावर होता, आणि त्याला ते कळणार नव्हतं.

गिरदावर म्हणजे सरकारी सारा-वसुली बघणारा माणूस. पेडगावच्या बाजूनं घोड्यावर यायचा आणि पाटलांच्या बैठकीवर लोडाला टेकायचा. टेकला की दुपारचं जेवण, जेवणावर झोप, झोपेवर चहा, आणि चहा होईस्तोवर रात्रीच्या कोंबडीची वेळ.

"कचेरीतल्यासारखी खुर्ची कर," पाटील म्हणाले होते. "पण माणूस तिच्यावर लय वेळ टिकला न्हाई पाहिजे."

"एक पाय कच्चा ठिवू का, मालक?"

"कामून? साहेब पडला म्हंजे माझी पाटीलकी पडंल. खुर्ची चांगलीच कर. फकस्त बसू देऊ नको."

सटवाजीनं बरेच दिवस डोकं खाजवलं. मग त्यानं सागवानाची खुर्ची केली. तिच्या हातांवर पोपट कोरले. बैठक तेल पाजून इतकी गुळगुळीत केली की माशी बसली तरी घसरावी. आणि पुढचे दोन पाय आखूड ठेवले, तेही बोटाच्या जाडीपेक्षा कमीच. डोळ्याला काही दिसत नसे. बसणारा हळूहळू पुढं यायचा, मागं सरकायचा, पुन्हा पुढं यायचा. त्याला खुर्चीचा राग येत नसे. आपल्यालाच कुठंतरी जायचं राहिलंय, असं त्याला वाटू लागे.

गिरदावर पहिल्यांदा बसला आणि चहा पिऊन गेला. दुसऱ्यांदा चहाही अर्धा टाकून गेला. पाटील मिशीत हसले. स्वयंपाकघरातल्या कस्तुराबाईंचे हात पाहुण्याच्या रांधण्यातून सुटले होते, पण नवऱ्याला सुखानं हसू देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"माणूस उठतोय, ते खरं," त्या म्हणाल्या. "पर उठून त्यानं घरीच जावं, हे बी बसवलंय का त्या खुर्चीत?"

त्या साली लढाईपायी लेव्ही लागली. पिकातला ठरीव वाटा सरकारला घालायचा. पाटलांनी घरात दिसेल तेवढी ज्वारी दाखवली. बाकीची गोठ्याजवळच्या पेवात होती. जमिनीखालचं कोठार ते. तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर शेणाचा सडा. वरून बघणाऱ्याला नुसतं अंगण दिसायचं.

सटवाजीनं आपली मजुरी मागितली. पावसाळ्यात सुताराच्या हाताला काम असतं, पण घरात दाणा नसतो. त्याला ते पोतं पावसाळ्यासाठीच हवं होतं.

"पोतं तुझं झालं," पाटील म्हणाले. "पर घरी नेऊ नको. झडत्या चालू हायती. माझ्याच पेवात राहू दे. आखाडात काढून घे."

सटवाजीला ते पटलं. त्याच्यासाठी बंद पेव पुन्हा उघडलं, घरातलं पोतं आत ओतलं, आणि घाईघाईनं तोंड लिंपून टाकलं. चार मुठी दाणे ओल्या मातीत मिसळले. कुणी वेचत बसलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिरदावर आला. आपल्या हातची करामत बघायला सटवाजी पेरणीच्या तिफणीचा दाता वाकसानं तासायचं निमित्त काढून अंगणात बसला होता. गिरदावर खुर्चीवर बसला. पुढं आला. मागं सरकला. पुन्हा पुढं आला. सटवाजीनं मान खाली घालून हसू दाबलं.

"पटेल, बैठा नहीं जाता," गिरदावर उठत म्हणाला.

पण आज त्याला निघून जायची सोय नव्हती. लेव्हीचा हिशेब पुरा झाल्याशिवाय घोड्यावर बसता येत नव्हतं. मग तो छडी फिरवत अंगणात चालू लागला.

गोठ्याजवळ कोंबड्यांचा घोळका जमला होता. खुर्चीनं वाचवलेल्या सगळ्या त्यात होत्या. ओला लेप उकरून त्या दाणे टिपत होत्या. गिरदावर थांबला. त्यानं कोंबड्या हाकलल्या आणि तिथं छडी आपटली. जमीन पोकळ वाजली.

सटवाजीचा वाकस हातातच राहिला.

पेव रिकामं करायला, गाड्या जुंपायला, पंचनाम्याला वेळ लागला. गिरदावरानं मुक्काम ठोकला, आणि आता तो लोडाला टेकूनच बसला. पाटलांची ज्वारी गेलीच होती. पाटीलकी राखायची तर पाहुणचार करणं भाग होतं. वाचलेल्या कोंबड्या एकेक करून चुलीवर गेल्या. सटवाजीनं आपल्या पोत्याचं एकदा हळूच विचारून पाहिलं. पाटील म्हणाले, "पेवात ओतल्यावर माझा दाणा कुठला अन् तुझा कुठला, सांग बरं."

शेवटच्या संध्याकाळी पाटलांच्या अंगणात एकही कोंबडी उरली नव्हती.

"सटवाजी, तुझ्या घरी एक हाय म्हणं."

"हाय, मालक. पर ती अंड्यांवर बसलीय."

"मग उठीव की. उठवायचं काम तुला चांगलं येतंय."

सटवाजी घरी गेला. कोपऱ्यातल्या कोंबडीच्या पाटीपुढं बराच वेळ उकिडवा बसून राहिला. गिरदावराला उठवताना त्याला बोटसुद्धा लावावं लागलं नव्हतं. कोंबडी जागची हलेना. तिला त्यानं दोन्ही हातांनी उचललं. पोतं त्याचं गेलं, कोंबडीही त्याचीच गेली. खालची अंडी अजून गरम होती. ती तर कुणी हिशेबात धरलीच नव्हती.