निरोगी गट

गिऱ्हाइकाचं आणि तिचं माप एकच, म्हणून टाचण्या लावलेला ड्रेस तिने स्वतःच्याच अंगावर चढवला. डाव्या काखेखाली कापड चापूनचोपून बसवताना बोटाला काहीतरी लागलं. टाचणीचं डोकं असेल म्हणून तिने चाचपलं. टाचणी नव्हती. वाटाण्याएवढी गाठ होती, आणि ती तिच्या अंगात होती.

तिने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि नणंदेला फोन लावला.

"मला काय सांगतेस, वहिनी? आधी दादाला सांग," नणंद म्हणाली. "घरातच तज्ज्ञ बसलाय."

"तेच तर दुखणं आहे. त्याला कोणत्या तोंडाने सांगू?"

नवऱ्याने प्रयोगशाळेत अकरा वर्षं ह्याच एका रोगापायी, स्तनाच्या कॅन्सरपायी, घालवली होती. गाठ हाताला लागण्याच्या कितीतरी आधी पेशींतली काही जनुकं नको तेवढी जागी होतात आणि रक्तात त्याची चाहूल लागते, असं त्याचं म्हणणं. "म्हणजे आपल्या शेजारणींसारखंच," ती त्याला चिडवायची. "घरात काही घडायच्या आधीच ह्यांची कुजबुज सुरू." तो हसायचा. पण त्याचा आणि प्रयोगशाळेतल्या त्याच्या सरांचा शोधनिबंध दोनदा परत आला होता. आजारी बायकांच्या रक्तात कुजबुज सापडली हे ठीक, पण ती आजाराच्या आधीपासून होती कशावरून, असं तपासणाऱ्यांनी विचारलं होतं. त्यावर ह्याच्याकडे उत्तर नव्हतं.

तुलनेसाठी निरोगी बायकांचं रक्त लागायचं. पाच वर्षांपूर्वी त्या गटात पहिलं नाव हिनेच दिलं. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी तो तिला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून स्वतः रक्त काढायचा. हात इतका हलका की सुई टोचल्याचं कळायचंही नाही.

माणूस मुळात तुसडा. पण पहिल्या वर्षानंतर त्याच्यात असा काही फरक पडला, की नणंदेनेसुद्धा थट्टा केली. सकाळचा चहा तो हातात आणून द्यायचा, जड पिशवी उचलू द्यायचा नाही. बाजारातल्या बायकांसाठी दवाखान्याने ह्याच रोगाची फुकट तपासणी ठेवली, तेव्हा तो म्हणाला, "कशाला रांगेत ताटकळतेस? तुझं रक्त मी बघतोच आहे ना?" तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

"दिव्याखाली अंधार म्हणतील लोक," ती फोनवर म्हणाली. "जगाचं शोधतो आणि बायकोचंच सुटलं. खचेल गं तो."

"आणि तू लपवून बस. वेडी आहेस का?"

नऊ दिवस तिने कळ काढली. दहाव्या दिवशी जेवण झाल्यावर त्याचा हात धरून गाठीवर ठेवला.  तो तिथेच खाली बसला आणि ढसाढसा रडला. इतक्या वर्षांत तिने त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. 

"तुझी चूक नाही रे," ती त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "नसेल दिसलं रक्तात. सगळंच कुठे दिसतं?"

दुसऱ्याच दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. गाठीचा तुकडा तपासायला गेला, हाडांचं स्कॅनही झालं. आठवड्याने सर्जनने रिपोर्ट समोर ठेवला. रोग हाडांपर्यंत पोचला होता. तीन-चार वर्षांपूर्वी कळलं असतं तर पूर्ण बरं करता आलं असतं, आता फक्त दिवस वाढवता येतील, असं सर्जन म्हणाला. ती नवऱ्याच्याच तोंडाकडे बघत होती. आपलं काय व्हायचं ते होवो, ह्याला कोण सावरणार, एवढंच तिच्या मनात होतं.

"आलोच," म्हणून तो बाहेर गेला. बराच वेळ झाला तरी येईना, तशी ती घाबरून मागोमाग गेली.

जिन्याजवळच्या खिडकीशी तो पाठमोरा उभा होता. कानाला फोन होता आणि आवाज त्या रात्रीसारखाच भरून आला होता.

"हो सर, मी स्वतः रिपोर्ट पाहिला. चार वर्षांपूर्वी तिच्या रक्तात दिसलं ते शंभर टक्के खरं निघालं... नाही सर, तेव्हाच तिला सांगितलं असतं तर ती बरी झाली असती. मग आपण सिद्ध काय केलं असतं?"